मरळीच्या तोंडातले केस

एकोणीसशे एकसष्ट साल, आणि मी अकरा वर्षांचा. आश्विन लागला होता, भात पोटरीतून बाहेर पडून पिवळं व्हायला लागलं होतं, आणि भर बारा वाजताच्या उन्हात मी डोहाच्या काठावर पालथा पडून पाण्याकडे बघत होतो, तेव्हा ती वर आली. मरळ. माझ्या हाताएवढी लांब, काळी, सापासारख्या चपट्या डोक्याची. मरळीला अधूनमधून पाण्याबाहेर तोंड काढून हवा प्यावी लागते. तशी ती आली, तोंड उघडलं, मिटलं आणि पुन्हा खाली गेली. एवढंच. पण तिच्या ओठाच्या कोपऱ्यातून केसांची एक बट लोंबत होती, हातभर लांब, आणि ती खाली गेल्यावरही ती बट क्षणभर पाण्यावर तशीच पसरून राहिली, मग हळूहळू, कुणीतरी आतून ओढून घ्यावी तशी, दिसेनाशी झाली...

ते केस माझ्या वयनीचे होते. आणि वयनी दोन दिवसांपासून घरात तापानं फणफणत होती.

आमचं गाव कामणच्या अलीकडे. पाठीला तुंगारेश्वराचा डोंगर, पायाशी भातखाचरं, आणि त्याच्याही पलीकडे खाडीला लागून मिठागरं. डोंगरातून एक ओढा उतरायचा आणि गावाबाहेर एका करंजाखाली वळण घेताना थांबायचा. तो डोह. काठावर शेंदूर फासलेले सात दगड होते, पाण्यातल्या आसरांचे, सात जलदेवतांचे. त्यांच्यापुढे हिरव्या बांगड्या, सुकलेली नारळाची भकलं, आणि कायम ओलसर असा एक वास. शेवाळाचा, शेंदराचा आणि करंजाच्या कुजलेल्या फुलांचा. सकाळी तिथं बाया कपडे धुवायच्या, संध्याकाळी गुरं पाणी प्यायची. पण दुपारी बाराच्या सुमाराला तिथं कुणी फिरकत नसे. ती वेळ आसरांची. त्या वेळी तिथं वारा पडायचा, पाखरं गप्प व्हायची, आणि पाणी असं स्थिर व्हायचं, जणू तेच आपल्याकडे टक लावून बघतंय.

त्या वेळी तिथं जाणारा अख्ख्या गावात एकच माणूस होता. माझा नाना. बापाचा धाकटा भाऊ. बाप मी रांगत असतानाच गेला; नानानंच मला वाढवलं म्हणा ना. आठ महिने तो मिठागरात राबायचा. मिठानं त्याची बोटं फाटलेली असायची, टाचांत भेगा, आणि अंगाला असा खारट वास, की अंधारातही नाना घरात आला हे कळायचं. पण त्याच फाटक्या बोटांनी तो किडे बांधायचा.

हे नीट सांगायला हवं, कारण आता ते करणारा कुणी उरलेला नाही. भाताच्या दिवसांत नाकतोडे उड्या मारता मारता ओढ्यात पडतात, आणि मरळ त्यांच्यासाठी टपून असते. खरा नाकतोडा गळाला लावला तर दोनदा पाण्यात आपटल्यावर त्याचं भुसकट होतं. म्हणून नाना खोटा नाकतोडा बनवायचा. पांगाऱ्याचं लाकूड कापसासारखं हलकं. त्याची करंगळीच्या पेराएवढी कपची तासून गळाच्या दांडीवर बसवायची, म्हणजे बुडत नाही. हळदीत आणि पानांच्या रसात बुडवून तिला पिकत्या भाताचा रंग द्यायचा. पंख कोंबड्याच्या मानेच्या पिसांचे. मागच्या तंगड्यांसाठी पिसाच्या काडीला मधोमध गाठ मारायची, की नाकतोड्याचा गुडघा हुबेहूब उभा राहतो. मग सगळं धाग्यानं आवळायचं, मधमाशीचं मेण दातांखाली मऊ करून त्याला चोळायचं, आणि सगळ्यात शेवटी मिशा लावायच्या, घोड्याच्या शेपटीच्या केसाच्या दोन. मिशा लावल्या की नाना तो किडा तळहातावर ठेवून त्याच्यावर फुंकर घालायचा. तंगड्या थरथरायच्या. मला दरवेळी वाटायचं, आता हा उडणार.

गळाजवळची दोन हात दोरीसुद्धा घोड्याच्याच केसांची, पीळ घालून वळलेली, कारण सुतळी पाण्यावर पडली की मरळीला ती दिसते. केस दिसत नाही. हे केस नाना वसईच्या स्टेशनवरच्या टांगेवाल्यांकडून आणायचा, आणि डालडाच्या डब्यात जपून ठेवायचा. डबा उघडला की तबेल्याचा, मेणाचा आणि तंबाखूचा मिळून एक वास यायचा. आजही कुठं लग्नात घोडा दिसला की मला नवरदेव दिसत नाही, शेपटी दिसते.

नानाचे नियम दोन. डोहावर गेलं की आधी एक खरा, जिवंत नाकतोडा आसरांच्या नावानं पाण्यात टाकायचा. आणि दुसरा त्यानं मला एकदाच सांगितला होता, डोळे न उचलता, धागा आवळता आवळता.

"नाम्या, मानसाचा केस कवा बांधू नको. पानी वलख ठेवतं."

"कोनाची वलख, नाना?"

"ज्याचा केस त्याची."

पुढं विचारलं तर त्यानं धागा बाजूला ठेवला. तळहातावर तंबाखू चोळली, दोन थापा मारल्या आणि ओठाखाली धरली. त्या दोन थापा म्हणजे बोलणं संपलं.

शिमग्याच्या आधी नाना मिठागरातच वारला. बसल्या जागी. माझ्याकडे डबा आला, आणि आश्विनात मी तो उघडला तेव्हा घोड्याचे केस संपलेले. दोन-चार होते ते तुटके. मी गाईच्या शेपटीचे घेऊन पाहिले, ते आखूड आणि राठ. स्टेशन लांब, टांगेवाले ओळखीचे नाहीत, आणि मी लहानपणापासून असा की एखादी गोष्ट डोक्यात आली की ती आजच व्हायला हवी. सगळे म्हणायचे, हा नानाच्या वळणावर गेलाय. मला ती शिवी वाटली नाही, अजूनही वाटत नाही.

वयनीला सातवा महिना होता. तिचे केस गुडघ्याच्या वर वीतभर येतील एवढे लांब, आणि काळे नव्हते, उन्हात धरले तर तांबूस, जुन्या तांब्यासारखे. रोज दुपारच्याला शेजारची बायजाकाकी तेलाची वाटी आणि फणी घेऊन मागच्या ओटीवर यायची आणि तिचे केस विंचरायची. काकी विधवा, मूलबाळ नाही, आणि जीभ अशी की अख्खी आळी हसून लोळायची. मला बघितलं की म्हणायची, "ये रं इकडं, तुज्या डोक्यात उवा नाय, बेडूक असतील. काल रातच्याला मीच ऐकलं डरांव-डरांव." वयनी हसायची, पोट धरून हसायची, आणि काकी तिच्या डोक्यावर टपली मारायची, "हलू नको गो, भांग वाकडा झाला तर पोर तिरला निघेल."

विंचरून झालं की फणीत अडकलेले केस, ते गुंतवळ, बोटाला गुंडाळून, त्याच्यावर तीनदा थू-थू करून भिंतीच्या फटीत खोचायचे. बाईचा केस वाऱ्यावर सोडायचा नाही, कुणाच्या हाताला लागू द्यायचा नाही. फटीत साठले की केसांवर सुया-दोरे देणारी बाई येऊन घेऊन जायची. हे सगळ्या बायांना ठाऊक, आणि आम्हा पोरांनाही ठाऊक.

तरी मी काढले.

ओटीवर कुणी नाही असं बघून फटीतून गुंडाळी ओढली, डोहाकडे जाताना करंजाखाली बसून एकेक केस सोडवला, बारा-बारांचा पीळ घातला, दोन हात दोरी केली. आणि नाकतोड्याच्या मिशाही त्याच्याच लावल्या. काय सांगू, नानानं बांधलेल्या कुठल्याच किड्याला तसं रूप आलं नव्हतं. तांबूस मिशा... तळहातावर ठेवून फुंकर घातली, आणि तो नुसता थरथरला नाही. तो माझ्याकडे वळला. वाऱ्यानं वळला असेल. मी लिहितो ते एवढंच, की तो वळला.

घाईत मी खरा नाकतोडा टाकायला विसरलो. विसरलो नाही, खरं सांगायचं तर कंटाळलो.

पहिल्याच फेकीला मरळीनं घेतला. पाणी फुटल्याचा आवाजसुद्धा झाला नाही. नाकतोडा होता तिथं एक काळं तोंड उघडलं आणि मिटलं. काठी कमानीसारखी वाकली, माझे पाय चिखलात रुतले, आणि मग एकदम सगळं हलकं झालं. दोरी वरून तुटली होती. मरळ, गळ, नाकतोडा आणि वयनीच्या केसांची हातभर बट, सगळं खाली गेलं.

घरी आलो तर वयनी आश्विनातल्या भर उन्हात गोधडी पांघरून कुडकुडत होती.

मी घाबरलो नाही असं लिहिलं तर खोटं होईल. पण मी कुणाला सांगितलं नाही. पोराला ताप यावा तसा येईल आणि जाईल, असं मनाला सांगत राहिलो. दुसऱ्या दिवशी दादूसनं, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, वयनीला बैलगाडीतून स्टेशनजवळच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरनं सुई टोचली, पांढऱ्या गोळ्या दिल्या, पाच दिवस चुकवू नका म्हणाला. ताप उतरेना. तिसऱ्या दिवशी सकाळी ती गुंगीत बडबडायला लागली. आय तिच्या कपाळावर ओली पट्टी ठेवत होती, मी दाराशी उभा. वयनीनं बोट उचललं आणि आपल्या ओठाच्या कोपऱ्यावर ठेवलं.

"हितं टोचतंय. काय अडकलाय हितं. काढा की गो कोनी..."

आयनं वाकून पाहिलं. ओठाचा कोपरा लाल होऊन फुटला होता. तापात ओठ उलतात, मला आता माहीत आहे. माझ्या नातवंडांचेही उलतात. पण त्या सकाळी दाराशी उभ्या मला तिथं फक्त माझा गळ दिसला. मी तडक डोहावर पळालो, काठावर पालथा पडून राहिलो, आणि भर बाराला ती केस तोंडात घेऊन वर आलेली मरळ मला दिसली. सुरुवातीला लिहिलं ते हेच.

त्या संध्याकाळी आयनं भगताला बोलावलं. म्हातारा, सुकलेल्या शेंगेसारखा. सुपात तांदूळ पसरले, त्यातले दाणे बोटानं बाजूला करत राहिला. घरात धूप कोंडला होता, वयनी आत कण्हत होती.

"बाईची वस्तू पान्यात गेलेय," तो म्हणाला.

आयच्या हातातली पळी खाली पडली.

"काय वस्तू, बाबा?"

त्यानं पुन्हा दाणे सारले. "केस."

भगत दर तिसऱ्या घरात केसच सांगतो, हे मला पुढं मोठेपणी कळलं. पण त्या क्षणी मला वाटलं, त्या सुपात तांदूळ नाहीत, डोह आहे, आणि त्यात मी दिसतोय. मी श्वास धरून उभा राहिलो, आता तो माझ्याकडे बोट करील म्हणून. त्यानं केलं नाही. तो म्हणाला, "जिचा हात रोज केसांत, तिला इचारा."

आणि सगळ्यांची मान एकदम शेजारच्या घराकडे वळली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बायजाकाकी नेहमीसारखी आली. हातात वाटी, वाटीत कोमट तेल, आणि पदराखाली झाकलेली नाचणीची पेज. दादूस दारात आडवा उभा राहिला.

"काकी, परत फिर."

"का रं? बायको झोपलेय काय? मी गप बसते, तोंडाला कुलूप लावते."

"उद्यापासून येव नको. आमच्या उंबऱ्यावर पाय नको ठेवू."

ती हसली आधी. तिला वाटलं थट्टा. मग तिनं त्याच्या मागं उभ्या असलेल्या आयचं तोंड पाहिलं, आणि तिचं हसू तसंच तोंडावर राहिलं, पण आतून विझलं. वाटी कलली, तेल तिच्या बोटांवर सांडलं. अख्ख्या आळीला हसवणारी बाई, एक शब्द बोलली नाही. वळली आणि पेज घेऊन गेली. त्या दिवसापासून आळीतल्या बाया तिला बघून पोरांना घरात ओढायला लागल्या. विहिरीवर ती आली की बाकीच्या जणी हंडे उचलून बाजूला व्हायच्या. तिच्या हातचं पाणीही घ्यायचं नाही, असं आयनं मला तोंडाशी बोट नाचवून बजावलं.

आता कुणी म्हणेल, तेव्हाच बोलायला काय झालं होतं तुला? मीही स्वतःला हेच विचारत आलोय. माझा हिशोब पोराचा होता: मरळ पकडायची, केस परत आणायचे, वयनीला बरं वाटेल, मग काकीवरचं बालंट आपोआप सुटेल, आणि मला तोंड उघडावं लागणार नाही. जन्मभर मी ताठ मानेनं वागलो म्हणून लोक सांगतात. त्या दोन दिवसांत माझी मान ताठ नव्हती, एवढं मला ठाऊक आहे.

मी दोन दुपारी डोहावर बसलो. केसांची दोरी आता नव्हती. गोणीची सुतळी होती, आणि नानाच्या डब्यात राहिलेला शेवटचा गळ. त्यावर नवा नाकतोडा बांधला, या खेपेला मिशा न लावता. आधी खरा नाकतोडा आसरांना दिला. एक नाही, सात दिले, प्रत्येकीला एक. पहिल्या दुपारी मरळ चार वेळा वर आली. केसांची बट तशीच. कुजायला हवी होती, शेवाळ लागायला हवं होतं. पण ती तांबूसच होती, आणि मला वाटलं, लांबही झालीय. नाकतोड्याकडे तिनं ढुंकून पाहिलं नाही. मी घामानं निथळत बसलो होतो, सगळं रान गप्प, आणि त्या गप्पपणात माझ्या पाठीमागं, अगदी जवळ, तळहातावर दोन थापा वाजल्या.

थप. थप.

मी वळलो नाही. तंबाखूचा वास आला की नाही, ते मला आठवत नाही... खूपदा आठवून पाहिलंय. मी फक्त म्हणालो, "नाना, चुकलो." आणि मग पुन्हा पाण्याकडे बघत राहिलो.

दुसऱ्या दुपारी मला तिची पिल्लं दिसली. काठाजवळ, लव्हाळ्यात, केशरी रंगाचा एक गोळा पाण्यावर फिरत होता. शेकडो पिल्लं, सुईएवढी, सगळी एकाच वेळी वळत होती, जणू एकच जीव. मरळ पिल्लांना सोडून जात नाही. त्यांच्या जवळ कुणी आलं तर ती भूक असो नसो, चवताळून धावते. हे नानानंच सांगितलं होतं, आणि पुढं सांगितलं होतं की तशा मरळीवर तो कधी गळ टाकत नाही.

मी टाकला. नाकतोडा बरोबर त्या केशरी गोळ्याच्या मधोमध पडला, पिल्लं चहूकडे फुटली, आणि खालून काळा बाण यावा तशी ती आली. सुतळी तुटली नाही. माझ्या तळव्यांची सालं निघाली, पण तुटली नाही. मी तिला ओढत, घसटत, करंजाच्या मुळांपर्यंत आणली आणि तिच्यावर पालथा पडलो. खूप वेळ ती माझ्या पोटाखाली धडपडत होती. तिच्या जबड्याच्या कोपऱ्यात दोन गळ होते: एक आजचा, एक पहिला. पहिल्याला वयनीचे केस, तिच्या दातांभोवती गुंडाळलेले.

उठलो तेव्हा पाण्यावर तो केशरी गोळा पुन्हा जमला होता. जागच्या जागी, गोल गोल फिरत होता. त्याच्याखाली आता कुणी नव्हतं. मी तिकडे दुसऱ्यांदा पाहिलं नाही.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागणीला थोडा वेळ होता. आय चुलीपुढं, आणि तिचा चेहरा उजळलेला. वयनीला घाम फुटला होता, अंग गार पडलं होतं, उठून बसून तिनं पेज मागितली होती. कधी उतरला ताप, म्हणून मी विचारलं. "जेवनाच्या येलेला," आय म्हणाली. जेवणाच्या वेळेला म्हणजे बाराला, की एकला, की त्याच्या आधी, ते ती सांगू शकली नाही. डॉक्टरच्या गोळ्यांचा तो चौथा दिवस होता, हेही खरं. मी या दोन्ही गोष्टी लिहून ठेवतो आणि त्यांच्यात निवाडा करत नाही. ज्याला करायचा त्यानं करावा.

पण आय पुढं म्हणाली, "बघितलास? बायजीला उंबरा बंद केला, तशी तापानं पाठ सोडली."

तेव्हा मला कळलं की माझा हिशोब कुठं चुकला. वयनी बरी झाली तर काकी सुटणार नव्हती. वयनी बरी झाली म्हणूनच ती कायमची अडकणार होती.

मी मरळ ओटीवर आपटली. दादूस बैलांना वैरण टाकून येत होता, तो थबकला.

"ह्या काय आनलास?"

"मरल. हिच्या तोंडात वयनीचं केस हायेत. मी भिंतीतनं काढलंतं. गलाला बांधायला. काकीनं काय केला नाय."

दादूसनं वाकून मरळीचा जबडा उघडला. केस बोटात धरून संध्याकाळच्या उजेडात पाहिले, बराच वेळ. आय बाहेर आली. आतून वयनीही दाराला धरून उभी राहिली, भुतासारखी पांढरी, ओठाच्या कोपऱ्यावर खपली. क्षणभर मला वाटलं, झालं, सुटलं.

"तुना कोनी सांगितला होता ह्या करायला?"

"कोनी नाय. माजा मीच."

"खरा सांग. बायजीनं तुज्या हातात दिलं ना?"

"नाय रं दादूस! मी चोरलं!"

"आनि आता ही कबुली कोनी शिकवली?"

आय डोक्याला हात लावून मटकन खाली बसली. "अगो माजे आये... आमच्याच पोराच्या हातनं करवलान गो तिनं! पोराला मरलीच्या तोंडाशी धाडला!"

मी ओरडलो, पाय आपटले, आसरांची शपथ घेतली. जेवढा मी ओरडत होतो तेवढी त्यांची खात्री पटत होती. हे पोर एवढं बिथरलं म्हणजे केवढी जबर करणी. मी वयनीकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं होतं, मी आजही सांगतो, तिला सगळं कळलं होतं. पोरं केस चोरतात हे तिला कळणार नाही काय? पण सासरच्या घरात, सातव्या महिन्यात, नवऱ्यापुढं... ती वळली आणि भिंतीला धरून आत गेली. दादूसनं मरळ उचलून उकिरड्याकडे भिरकावली आणि मला खांबाला धरून बडवलं. मी रडलो नाही.

पुढचं थोडक्यात सांगतो. वयनीला मुलगी झाली, धडधाकट. ती आता साठी ओलांडून गेली, मला सणाला डबा पाठवते. वयनी त्या दिवसाबद्दल मरेपर्यंत माझ्याशी बोलली नाही. फक्त दिवाळीत ओवाळताना ती माझ्या ताटात एक करंजी जास्त ठेवायची, आणि मी ती कधी खाल्ली नाही. बायजाकाकी त्यानंतर वीस-बावीस वर्षं त्याच घरात जगली. तिचा विनोद पुन्हा कुणी ऐकला नाही. गावच्या जमिनी गेल्या, आता तिथं लांबच लांब गोदामं आहेत, पत्र्याची, आणि दिवसरात्र कंटेनर उभे. मी मुलाकडे आचोळ्याला तिसऱ्या मजल्यावर राहतो. मधूनच कामणला जातो. डोहाच्या कडेनं गोदामाची भिंत घातलीय, करंज नाही, सात दगडांना कुणीतरी रस्त्याकडेला फरश्यांची देवळी बांधून दिलीय. भिंतीमागं थोडं पाणी उरलंय, काळं, तेलाचा तवंग असलेलं. गोदामाचा वॉचमन विचारतो, "बाबा, इधर क्या देखता है?" बाराच्या सुमाराला पाणी मधूनच हलतं. मी थांबतो, पण खाली वाकून पाहत नाही.

मी किडा पुन्हा बांधला नाही. डबा मात्र टाकून दिला नाही.

पण मला सांगायचं होतं ते हे नव्हे. मला सांगायची होती त्या मारानंतरची सकाळ.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो. पाठ ठणकत होती. तोंड धुतलं. चुलीवर आय भाकऱ्या टाकत होती, तिनं माझं ताट वाढलं. मी ताटाकडे न बघता बाहेर पडलो, आणि सरळ जाऊन बायजाकाकीच्या पुढच्या ओटीवर मांडी घालून बसलो. तिची ओटी वाटेला लागून; विहिरीवर जाणारी प्रत्येक बाई तिच्यापुढून जायची, आणि आमच्या अंगणातून ती अख्खी दिसायची.

काकी धुराच्या दारातून बाहेर आली. मला बघून दचकली.

"नाम्या, घरी जा."

"भूक लागलेय."

"घरी चूल नाय पेटली?"

"पेटलेय."

"तुजा दादूस हाडं मोडील तुजी."

"मोडू दे."

ती उंबऱ्यात उभीच राहिली. हात पदराला पुसत होती, पुसतच होती. वाटेवर दोन बाया हंडे घेऊन थांबल्या होत्या. आमच्या अंगणात दादूस गोठ्यातून बाहेर येऊन उभा होता, हातात दावं. मी मांडी मोडली नाही.

ती आत गेली. बराच वेळ आली नाही. मग आली ती पितळीत तांदळाची भाकरी, वर जवळ्याची सुकी चटणी, आणि तांब्याभर पाणी घेऊन. पितळी तिनं माझ्यापुढं ठेवली. मी आधी पाणी प्यालो, घटाघटा, आवाज करून, पलीकडच्या अंगणात ऐकू जाईल असा. मग भाकरी मोडली. आमच्या घराकडे तोंड करून, एकेक घास चावून, सगळ्यांच्या देखत खाल्ली. चटणीनं नाकातोंडातून पाणी यायला लागलं. दादूस जागचा हलला नाही. बाया हंडे घेऊन तशाच उभ्या.

भाकरी संपली. पोट गच्च भरलं होतं.

मी पितळी पुढं केली आणि दुसरी मागितली.